नोकरी गेली तरी राहील असा आरोग्यविमा

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून निघालेले जेट एअरवेजचे विमान मुंबईत उतरले आणि कंपनीची उड्डाणे थांबली. अंधेरी पूर्वेच्या सहार रस्त्यावरच्या कार्यालयात आणि विमानतळावर काम करणाऱ्या हजारो माणसांचे पगार त्याआधीच थकले होते. एप्रिल संपता संपता आणखी एक बातमी आली. कर्मचाऱ्यांच्या गटविम्याची मुदत संपत होती आणि प्रीमियम भरायला कंपनीकडे पैसे नव्हते. पगार थकला तर उसनवारी करून, सोने गहाण ठेवून, मुलांची फी दोन हप्त्यांत भरून घर काही महिने रेटता येते. घरात कोणाची केमो चालू असेल, कोणाचे डायलिसिस असेल, तर ते पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. नोकरीबरोबर उपचारांची सोयही जाते हे पश्चिम उपनगरातल्या अनेक घरांना त्या आठवड्यात एकदम कळले.

जेटची बातमी सगळ्यांना कळली, कारण ती मोठी होती. बाकीच्या नोकऱ्या आवाज न करता जातात. मरोळच्या एमआयडीसीतले एखादे युनिट वापीला किंवा भिवंडीला हलते. सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यात ऑर्डरी घटतात आणि कंत्राटाचे नूतनीकरण होत नाही. मालाडच्या एखाद्या आयटी कंपनीत सकाळी एचआरचे बोलावणे येते आणि संध्याकाळी ओळखपत्र जमा होते. घाटकोपरच्या छोट्या फर्मचा मालक यंदा गटविमा परवडत नाही म्हणून तो बंद करतो. तिथे नोकरी राहते आणि विमा जातो. या सगळ्या घरांपुढे प्रश्न एकच असतो. आता पुढे काय घ्यायचे, कितीचे घ्यायचे, आणि उत्पन्न थांबलेले असताना त्याचे पैसे कुठून आणायचे?

ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे राहणाऱ्या, साधारण मध्यम किंवा त्याहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना समोर ठेवून ती लिहिली आहे. तिच्यातली प्रकरणे एकेका पर्यायाची माहिती देतात. प्रस्तावनेत मला त्यामागचा विचार मांडायचा आहे. आरोग्यविमा कुटुंबाच्या नावावर असावा, नोकरीच्या भरवशावर असू नये. आणि परवडणारा विमा म्हणजे सर्वांत कमी प्रीमियमचा विमा असे समजू नये. जो दर वर्षी न चुकता भरता येईल आणि दवाखान्यातून सुटी मिळण्याच्या दिवशी आपल्याला कर्जात टाकणार नाही, तोच परवडणारा.

नोकरी आणि औषधोपचार यांची गाठ आपल्याकडे कशी बसली, हे आधी पाहायला हवे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा १९४८ चा. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. मुंबईची उपनगरे कारखान्यांनी भरत गेली तशी ईएसआयचे कार्ड हा कामगाराच्या घरातला महत्त्वाचा कागद झाला. मुलुंड, कांदिवली आणि मरोळ इथली ईएसआयची रुग्णालये त्या कामगारवस्तीसाठी उभी राहिली. लालबहादूर शास्त्री मार्गावर भांडुपपासून मुलुंडपर्यंत औषधांचे, यंत्रांचे, टायरचे कारखाने होते. त्यातले अनेक बंद पडले, त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, आणि कार्डधारकांची पुढची पिढी दुकानांत, कॉल सेंटरमध्ये, बँकांच्या कार्यालयांत कामाला लागली. आज महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यालाच ईएसआय लागू होते. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. पगार त्याच्या वर गेला की माणूस या छत्राबाहेर पडतो आणि कंपनीच्या गटविम्यावर अवलंबून राहतो.

दुसरी वाट मेडिक्लेमची. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम नावाची पॉलिसी बाजारात आणली आणि हे नाव इतके रुळले की आजही आपण कुठल्याही कंपनीच्या आरोग्यविम्याला मेडिक्लेमच म्हणतो. पुढे खासगी विमा कंपन्या आल्या, क्लेम हाताळणाऱ्या टीपीए संस्था आल्या, कॅशलेसची सोय आली. नोकरी देणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांसाठी गटविमा घेणे ही रीत झाली. बहुतेक घरांनी तिथेच हा विषय मिटला असे मानले.

गटविमा चांगलाच असतो, हे मोकळेपणाने सांगायला हवे. त्यात बहुधा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. मधुमेह असो, रक्तदाब असो, प्रश्न विचारले जात नाहीत. बाळंतपणाचा खर्च असतो. पुष्कळ कंपन्यांत आईवडिलांची नावेही घालता येतात. प्रीमियम कंपनी भरते किंवा पगारातून थोडा कापते, त्यामुळे आपल्या कुटुंबाच्या विम्याची खरी किंमत किती आहे हे आपल्याला कधी कळतच नाही. पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेला माणूस पंचेचाळिशीत पहिल्यांदा स्वतःची पॉलिसी घ्यायला जातो तेव्हा त्याचे वय वाढलेले असते, साखर वाढलेली असते, वडील सत्तरीला आलेले असतात. तरुणपणी कमी प्रीमियममध्ये मिळाली असती ती पॉलिसी आता महाग मिळते, आणि तिच्यात जुन्या आजारांसाठी थांबायला लावणारी मुदतही असते. कंपनीच्या विम्यावर विसंबण्याची किंमत या वयात चुकवावी लागते.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांकडून ‘कोब्रा’ हे नाव अनेकांनी ऐकले असेल. तिथे नोकरी सुटली तर कंपनीचाच विमा साधारण १८ महिने पुढे चालू ठेवता येतो. मात्र कंपनी भरत असलेला वाटाही स्वतः भरावा लागतो, म्हणून तो फार महाग पडतो. आपल्याकडे असा कायदा नाही. गटविमा कधी संपतो हे कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातल्या करारावर ठरते. पुष्कळदा तो कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो. तरी आपल्याला एक हक्क आहे. तो फार थोड्यांना माहीत असल्याने या पुस्तिकेचे पहिले प्रकरण त्याच्यावरच आहे.

तो हक्क स्थलांतराचा. गटविम्यातला कर्मचारी आणि त्याचे कुटुंबीय यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येते, असे विमा नियामक आयआरडीएआयचे नियम सांगतात. विमा कंपनी तब्येतीची तपासणी मागू शकते, प्रीमियम वयाप्रमाणे लावते, आणि गटविम्यातल्या सगळ्या सवलती नव्या पॉलिसीत येत नाहीत. पण गटविम्यात सलग काढलेल्या वर्षांचे श्रेय मिळाले, तर जुन्या आजारासाठी पुन्हा पहिल्या दिवसापासून थांबावे लागत नाही. ही विमा कंपनी आवडली नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येते. ही सोय १ ऑक्टोबर २०११ पासून आहे आणि त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो.

हा हक्क वापरायचा तर वेळ पाळावी लागते. राजीनामा दिल्यावर किंवा काढून टाकल्याचे पत्र मिळाल्यावर माणूस ग्रॅच्युइटी, पीएफ, अनुभवाचे प्रमाणपत्र यांच्या मागे लागतो. विम्याची आठवण येते ती पहिल्या तापाला. तोवर गटविमा संपून महिना झालेला असतो आणि सलगता तुटलेली असते. म्हणून नोटीस पिरियडच्या पहिल्याच आठवड्यात एचआरला लेखी विचारा की आमचा विमा नेमक्या कोणत्या तारखेला संपतो, विमा कंपनी कोणती, मास्टर पॉलिसीचा क्रमांक काय. आपण आणि घरचे कोणत्या वर्षापासून या विम्यात आहोत याचे प्रमाणपत्र मागा. ई-कार्डे आणि आजवरच्या क्लेमचे कागद कंपनीच्या ईमेलवर असतात आणि तो ईमेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो. ते सगळे आधीच स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. स्थलांतराचा अर्ज विमा संपण्याच्या निदान ३० दिवस आधी गेला तर उत्तम. नोटीसच नसेल, सकाळी बोलावून संध्याकाळी मोकळे केले असेल, तर त्याच दिवशी विमा कंपनीला मेल करा. नवरा-बायको दोघे नोकरीत असतील तर दुसऱ्याच्या गटविम्यात नाव घालता येईल का, हेही त्याच आठवड्यात विचारून ठेवा.

ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेत होता त्यांच्यासाठी चित्र थोडे वेगळे आहे. नोकरी सुटली की कार्ड रद्द झाले, असा पक्का समज आहे; तो खरा नाही. ईएसआयमध्ये एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ आणि ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. पहिल्या काळातल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, दुसऱ्यावर जुलै ते डिसेंबरचा. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर ऑगस्टमध्ये काम सुटलेल्या कामगाराला पुढच्या जूनअखेरपर्यंत उपचार मिळू शकतात. निवृत्त झालेल्याला, किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला, निदान पाच वर्षे विमाधारक राहिला असेल तर वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सोय चालू ठेवता येते. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीमुळे काम गेलेल्यांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. मुलुंडपासून भांडुपपर्यंत किती घरांत ही कार्डे कपाटाच्या तळाशी पडली असतील! ती बाहेर काढा आणि जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात दाखवा. ईएसआयच्या सेवेत उणिवा आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मरोळच्या रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ ला आग लागली, त्यात माणसे गेली आणि तिथले कामकाज बराच काळ विस्कळित राहिले. तरीही भरलेल्या वर्गणीचा हक्क सोडून देऊ नये.

यानंतर सरकारी योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आधीचे रूप, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाले त्यांत मुंबई उपनगर जिल्हा होता. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती. म्हणून पांढऱ्या रेशनकार्डाची मध्यमवर्गीय घरे आजही ‘ते आपल्यासाठी नाही’ असे म्हणून विषय सोडून देतात. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मर्यादा दोन आहेत. उपचार ठरलेल्या यादीतला असावा लागतो आणि रुग्णालय योजनेत सामील असावे लागते; मोठी खासगी रुग्णालये बहुधा नसतात. सामील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचे. भरती झाल्यावर, बिल फुगल्यावर त्याला शोधण्यात अर्थ उरत नाही. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी मेडिक्लेम असला तरी चालते. नोकरी गेलेल्या मुलाच्या डोक्यावरचा आईवडिलांच्या विम्याचा मोठा भार या एका कार्डाने कमी होऊ शकतो.

याच जोडीला आपली पालिकेची रुग्णालये आहेत. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, विलेपार्ल्याचे कूपर, बोरिवलीचे भगवती, कांदिवलीचे शताब्दी. तिथली गर्दी, रांगा, कमी पडणाऱ्या खाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. पण हाताशी पैसे नसताना तिथे जाण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. शिवाय धर्मादाय नोंदणी असलेल्या खासगी रुग्णालयांना २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे. नोकरी गेलेल्या वर्षी पुष्कळ कुटुंबे या मर्यादेत येतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवला तरच त्याचा उपयोग होतो.

इतके सगळे असताना खासगी पॉलिसी घ्यावी का? ज्यांना थोडे तरी शक्य आहे त्यांनी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारी योजनेच्या यादीत नसलेला आजार, रात्री दोन वाजता जवळच्या नर्सिंग होममध्ये करावी लागलेली भरती, खाट मिळण्याआधी गेलेले दिवस, यांच्यासाठी हाताशी काहीतरी हवे. आता घेताना कशाकडे पाहायचे?

बहुतेक जण दोनच आकडे पाहतात: विम्याची रक्कम आणि प्रीमियम. तिसरा आकडा पॉलिसीच्या आतल्या पानावर असतो. तो खोलीच्या भाड्याचा. समजा, पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. भरतीच्या वेळी ६ हजारांची खोली रिकामी होती, ती घेतली. पाच दिवसांनी बिल आले २ लाख १० हजारांचे. त्यात खोलीचे ३० हजार. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून १ लाख २० हजार. औषधे आणि तपासण्या ६० हजार. आपण समजतो की खोलीचा फरक तेवढा, १५ हजार, आपल्याला भरावा लागेल. प्रत्यक्षात खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग या खर्चालाही तेच प्रमाण लागते आणि १ लाख २० हजारांतले ६० हजारच मंजूर होतात. औषधे आणि तपासण्यांना हे प्रमाण लावता येत नाही, ते ६० हजार पूर्ण मिळतात. एकूण मंजुरी १ लाख ३५ हजार, खिशातून ७५ हजार. १५ हजारांच्या फरकाने ७५ हजार गेले. हातमोजे, मास्क यांसारख्या किरकोळ वस्तूंचे न मिळणारे पैसे आणखी वेगळे. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी वर्षाला थोडी महाग दिसते, पण मुंबईच्या खोल्यांच्या दरात बहुतेकांना तीच परवडते. मर्यादेची पॉलिसी घेणे भाग असेल, तर भरतीच्या खिडकीवर मर्यादेतलीच खोली मागायची आणि ती मिळेपर्यंत आग्रह सोडायचा नाही.

हात आखडलेल्या वर्षासाठी दोन मार्ग मला विशेष उपयोगी वाटतात. एक, ‘आरोग्य संजीवनी’ ही १ एप्रिल २०२० पासूनची प्रमाणित पॉलिसी. कोणत्याही कंपनीकडे घेतली तरी तिच्या अटी सारख्याच असतात, त्यामुळे फक्त प्रीमियम आणि कंपनीची सेवा यांची तुलना करावी लागते. तिच्यात प्रत्येक क्लेमचे ५ टक्के आपल्याला भरावे लागतात आणि खोलीभाडे विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५ हजार आहे. हे माहीत असेल तर ती प्रामाणिक पॉलिसी आहे. दुसरा मार्ग, लहान मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप. मूळ ३ लाखांची, आणि ३ लाखांच्या वरचा खर्च उचलणारा १० लाखांचा सुपर टॉप-अप, हे दोन्ही मिळून सरळ १३ लाखांच्या पॉलिसीपेक्षा बहुधा स्वस्त पडतात. इथे ‘सुपर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्षात २ लाखांच्या दोन भरत्या झाल्या तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण तो प्रत्येक भरती वेगळी धरतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो आणि ३ लाखांच्या वरचा १ लाख देतो.

प्रीमियम वाचवायचा म्हणून पॉलिसी रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या गावच्या पत्त्यावर घेण्याचा सल्ला कोणी देईल. अनेक पॉलिसींत शहरांचे विभाग केलेले असतात. स्वस्त विभागातला प्रीमियम भरून मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के हिस्सा आपल्यावर येतो. राहता तिथला पत्ता द्या. बँकेच्या खातेदारांसाठीचा स्वस्त गटविमा घेतानाही लक्षात ठेवा की मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर आहे. बँकेने ती बंद केली तर आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. तो जोडीला चालेल, एकमेव आधार म्हणून नको. एक बदल मात्र खरोखर आपल्या बाजूचा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला.

आजार लपवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि इथेही सांगतो. एजंट अर्ज भरताना ‘बीपीचे लिहायला नको, प्रीमियम वाढेल’ असे म्हणतो आणि आपण सही करतो. क्लेमच्या दिवशी तो एजंट समोर नसतो. डॉक्टरांच्या पहिल्या कागदावर ‘सात वर्षांपासून रक्तदाब’ असे लिहिलेले असते आणि क्लेम तिथेच अडतो. आजार सांगितला तर १ एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते, आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता कंपनी माहिती लपवल्याचे कारण देऊन क्लेम नाकारू शकत नाही. अर्ज स्वतः वाचा, त्याची प्रत घ्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस ती वाचण्यात घालवा. नव्या पॉलिसीत अपघात सोडता पहिले ३० दिवस भरतीचा खर्च मिळत नाही, आणि मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची शस्त्रक्रिया अशांसाठी वेगळी मुदत असते. म्हणूनच उशिराची पॉलिसी संकटाच्या वेळी रिकामी ठरते.

वाद झालाच तर गप्प बसू नये. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. वकील लागत नाही, फी नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी हे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर आहे. घाटकोपर आणि मुलुंड पालिकेच्या एन आणि टी विभागांत येतात आणि त्यांची तक्रार ठाण्याच्या लोकपालाकडे जाते. हे माहीत नसल्याने अर्ज चुकीच्या दारी जातात आणि वेळ वाया जातो. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत विलेपार्ल्याच्या ग्राहक भवनात आहे. ग्राहक म्हणून आपले हक्क समजून घ्यायला तिथे जाता येते.

या पुस्तिकेत कोणत्याही कंपनीची शिफारस नाही आणि प्रीमियमचे तक्तेही नाहीत, कारण ते दर वर्षी बदलतात. पर्याय कसा तपासायचा, कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, कोणता कागद कधी मागायचा, एवढेच तिच्यात आहे. ज्यांची नोकरी गेली आहे त्यांनी पहिले आणि दुसरे प्रकरण आजच वाचावे आणि विमा संपण्याची तारीख शोधावी.

माझे खरे मागणे मात्र ज्यांची नोकरी आज शाबूत आहे त्यांच्याकडे आहे. कंपनीचा गटविमा असू द्या. त्याच्या जोडीला तुमच्या नावाची, तुमच्या पत्त्यावरची, लहान का होईना, एक पॉलिसी याच वर्षी घ्या. तुम्ही निरोगी आहात आणि हाती पगार आहे तोवर थांबण्याची मुदत निघून जाईल आणि पुढे कोणत्याही साहेबाच्या सहीवर तुमच्या आईचे ऑपरेशन अडून राहणार नाही. हे काम नोकरी असतानाच करता येते.